गाळलेलं ‘हव’

बोहारची भाजी बाजारात दिसायला लागली की अधिवेशन संपत आलं असं समजायचं, हे माझं नोकरीतलं पंचांग होतं. बोहार म्हणजे एका झाडाच्या कळ्या आणि कोवळी पानं. आमच्या रायपूरकडची माणसं ती आंबट ताकात शिजवतात. मिळते फार थोडे दिवस, आणि तीही महाग. परवा गोल बाजारात एका बाईच्या टोपलीत तिचा हिरवा ढीग पाहिला आणि माझे पाय आपोआप थांबले. भाव मात्र विचारला नाही. सकाळीच मोबाइलवर वाचलं होतं की यंदाही तिजोरीत खड्डा आहे आणि सभागृह ठरलेल्या दिवसांआधीच उठणार आहे. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. सभागृहही जुनी इमारत सोडून नव्या शहरात गेलं. तरी फाल्गुनातलं ते कोरडं ऊन अंगावर आलं की कुणीतरी काहीतरी लपवतंय असं मला वाटायला लागतं, आणि मग मी दिवसभर घरच्यांशी नीट बोलत नाही.

मी विधानसभेत प्रतिवेदक होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि वर जाऊन टाइप करायचं. अध्यक्षांच्या आसनासमोर, खालच्या अंगाला आमचं टेबल. पाच-पाच मिनिटांची पाळी. पाच मिनिटं भरत आली की दुसरा कुणी येऊन शेजारी बसतो, त्याची पेन्सिल चालू झाली की आपण उठायचं. त्यामुळे इतकी वर्षं तिथे काढूनही मी एकही भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. नातेवाईक विचारायचे, अमक्यानं काय उत्तर दिलं हो शेवटी? मी सांगायचे, माझी पाळी संपली होती. त्यांना वाटायचं, बाई लपवते आहे.

हे काम माणसाला संशयी करून सोडतं. ‘विचार करू’, ‘तपासून घेऊ’, ‘योग्य वेळी निर्णय घेऊ’ ही वाक्यं इतक्यांदा यायची की आमच्या लिपीत त्यांना पेन्सिलीचा एकेक फटकारा पुरायचा. पोटच्या पोरीचं नाव लिहायला मला त्याहून जास्त वेळ लागतो. घरी आल्यावरही कान उतरवून ठेवता येत नसत. आमचे हे रेल्वेत होते, स्वभावानं सरळ. ते ‘बघतो’ म्हणाले की मी ‘कधी?’ म्हणायचे. ते हसून पेपर उघडायचे, आणि मला त्या हसण्याचाही संशय यायचा.

आई माझी वर्धेकडची. लग्न होऊन रायपूरला आली ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाबा दर दिवाळीला म्हणायचे, औंदा तुले माहेरी नेतो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “हव.” म्हणजे हो. लहानपणी मी त्या एका शब्दावर माझी पिशवी भरून ठेवायची. दोन-तीन वर्षं पिशवी तशीच रिकामी केल्यावर मी चिडून तिला विचारलं होतं, तू हव काहून म्हणते मग? ती म्हणाली, “हव म्हटलं म्हणजे मानलं असं थोडंच हाय, पोट्टे? मी आयकून राहिली, एवढंच.” तेव्हापासून आमच्या घरातल्या हवचा अर्थ मला पक्का ठाऊक झाला. ऐकलं. त्यापलीकडे काही नाही.

छत्तीसगढीतही हव आहे. ते मला शिकवलं शकुनदीदीनं. ती आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, मधे दोन घरं सोडून. मी नव्यानं नोकरीला लागले तेव्हा गावाकडचे सदस्य मधूनच छत्तीसगढीत बोलायला लागायचे आणि माझी पेन्सिल अडखळायची. दीदीनं मला संध्याकाळी ओट्यावर बसवून ती भाषा बोलायला लावली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, भांडताना. हव म्हणजे काय, असंही मी एकदा वहीपेन घेऊन विचारलं होतं. ती मला खुळ्यात काढत म्हणाली, “हव माने हव, अउ का?” हव म्हणजे हो, आणखी काय. पुढे छत्तीसगढी भाषण आलं की मला बोलवायचं, असं कार्यालयात ठरूनच गेलं. माझी नोकरीतली सगळी किंमत दीदीच्या ओट्यावर कमावलेली होती, हे मी कधी विसरले नाही. त्या एका फाल्गुनात मात्र विसरले.

आम्ही दोघींनी गोल बाजारात एकसारखे दोन स्टीलचे डबे घेतले होते, झाकणांवर नावं कोरून. माझा डबा तिच्याकडे, तिचा माझ्याकडे, असं वर्षभर चालायचं. डबा रिकामा परत करायचा नाही हे तिच्याकडेही आणि आमच्याकडेही होतं. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन लिंबं. वीस वर्षांत कुठला डबा कुणाचा हे पाहण्याची वेळ आली नाही.

दीदी तेव्हा अभनपूरच्या अलीकडे मुलींच्या एका छात्रावासाची, म्हणजे वसतिगृहाची, अधीक्षिका होती, कंत्राटावर. आठवडाभर तिथेच राहायची, रविवारी घरी यायची. मी दोनदा तिथे गेले होते. लांबट खोल्या, मागे विहीर, अंगणात एक झाड, आणि संध्याकाळी ओळीनं बसून वेण्या घालणाऱ्या मुली. आसपासच्या गावांत आठवीनंतर शाळा नव्हती. हे छप्पर होतं म्हणून त्या नववी-दहावी बघत होत्या. त्यांच्यातली सुखमती नावाची एक मुलगी माझ्या मागेमागे फिरत होती. माझं नाव तुमच्या त्या लिपीत लिहून द्या म्हणाली. मी लिहून दिलं, जेमतेम तीन रेघा. ती खट्टू झाली, एवढंसंच? मग दुसऱ्या खेपेला गेले तर तिच्या सगळ्या वह्यांवर त्या तीन रेघा होत्या, आणि एके ठिकाणी तर माझ्याहून चांगल्या आल्या होत्या.

त्या वर्षी तिजोरी आटली होती. सरकार कुणाचं होतं ते सांगत नाही; खड्डा पडला की सगळ्यांची भाषा एकच होते. लहान छात्रावासं बंद करून शहराजवळ एकाच मोठ्या इमारतीत आणणार, अशी कुणकुण होती. यादी कुणी पाहिली नव्हती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं पाहिली आहे. अधिवेशन लवकर उठणार याचीही तशीच कुजबुज. आमच्याकडे हे सगळ्यात आधी ड्रायव्हरांना कळतं. ते गाड्यांच्या डिक्क्या झाडायला लागले की समजायचं. मग कँटीनमध्ये समोशांबरोबरची चटणी बंद होते. मग सदस्य एकमेकांच्या गावाकडच्या आंब्यांच्या मोहराची चौकशी करायला लागतात. त्या दिवसांत मी येताजाता डिक्क्या बघत होते.

आणि बुधवारी दीदी घरी आली. रविवार नसताना. हातात माझा डबा, त्यात बोहारची भाजी.

मी दारातच तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, एक काम होतं शहरात. काय काम ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिनं छात्रावासाचं नाव काढलं नाही, अधिवेशनाचं काढलं नाही. पाच मिनिटं बसली, पाणी प्यायली, तू वाळलीस म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर मी डबा उघडून बघत बसले. एवढी महागाची भाजी, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि नेमकी या आठवड्यात. हिला माझ्याकडून काढून घ्यायचंय काहीतरी, असं मनात आलं, आणि आलं ते आलंच. ह्यांना बोलून दाखवलं तर ते जेवता जेवता थांबले.

“तू काहून समद्यांवर शंका घेऊन राहिली? डबा हाय तो, अर्ज नाही.”

ते भाजीशी दोन भाकरी जास्त जेवले. मी त्या दिवशी बोहारला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुदानाच्या मागण्या धडाधड मंजूर होत होत्या. वेळ कमी असला की चर्चा न करता एकेक विभाग मतदानाला टाकतात. ‘हाँ’ म्हणा, ‘ना’ म्हणा, हाँची जीत झाली, पुढचा. एका विभागावर तेवढी थोडी चर्चा ठेवली होती, आणि माझ्या पाळीत एक वयस्क बाई सदस्य उभी राहिली. पदर डोक्यावर, हातात कागद नाही. छत्तीसगढीतच बोलत होती. आपल्या भागातल्या छात्रावासाचं नाव तिनं घेतलं आणि माझी पेन्सिल क्षणभर कागदावर टेकूनच राहिली. ते दीदीचंच होतं. ती मुलींविषयी सांगत होती, विहिरीचं सांगत होती, आणि मंत्री बसल्या जागेवरून मान हलवत मधूनमधून ‘हव, हव’ म्हणत होते. तेही तिकडचेच. मागून एका अधिकाऱ्यानं चिठ्ठी पुढे केली, ती ते उघडत होते. तेवढ्यात बाईनं विचारलं:

“नोनी मन कहाँ जाहीं, मंत्रीजी? येला चालू राखहू न?”

पोरी कुठे जातील, हे चालू ठेवाल ना. मंत्री चिठ्ठीकडे बघत म्हणाले, “हव.”

बाई खाली बसली. समोरच्या बाकांवर दुसऱ्याच कशावरून तरी गलका झाला, घंटी वाजली, अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. माझ्या शेजारी पुढच्या पाळीवाला येऊन बसला. मी उठले. जिना चढताना माझ्या वहीत तो शब्द होता, आणि मला भीती वाटत होती.

भीती कशाची ते सांगते. सभागृहात मंत्र्यानं एखाद्या गोष्टीला होकार दिला आणि तो छापला गेला, की त्याचं आश्वासन होतं. आश्वासनांची एक समिती असते. ती प्रत्येक होकार टिपून ठेवते आणि विभागाला विचारत राहते, याचं काय केलं? वर्षभर, दोन वर्षं विचारत राहते. पण बसल्या जागेवरून आलेले हुंकार, ‘हं हं, ऐकतोय’ म्हणून केलेले आवाज, आम्ही गाळायचो. छापलं तर होकार, गाळलं तर काही घडलंच नाही.

आमचे वरिष्ठ होते मिश्राजी. शांत माणूस, लाल पेन, कधी आवाज चढवला नाही. माझं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग आम्ही ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यात ‘हव’ होतं, अगदी स्वच्छ. काय म्हटलं ते टेप सांगते, कशाला म्हटलं ते सांगत नाही. मिश्राजी उत्तर प्रदेशातले, ही भाषा त्यांना परकी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मैडम, ये ‘हव’ जवाब है कि हुंकारी?”

त्या खोलीत हे सांगू शकणारी मी एकटीच होते. आणि मला माझ्याच कानाचा संशय आला. मला हा होकार ऐकायचा आहे म्हणून तो ऐकू येतोय का? घरी तिनं आणलेला डबा आहे. उद्या कुणी म्हटलं की बाईंनी मैत्रिणीसाठी शब्द घातला, तर? मग आई आठवली, भाकरी थापणारी, न पाहता हव म्हणणारी. मंत्रीही न पाहताच बोलले होते. हिशेब जुळला असं मला वाटलं. मी म्हणाले, हुंकारी है सर. त्यांनी विचारलं, पक्का? मी म्हणाले, पक्का. त्यांनी लाल पेनानं त्या शब्दावर एक बारीक रेघ ओढली आणि पान पुढे गेलं. मला त्या वेळी फार प्रामाणिक वाटलं, हे कबूल करते. बसमध्ये मी ताठ बसून घरी आले.

शुक्रवारी सभागृह उठलं. आभार झाले, राष्ट्रगीत झालं, ‘अनिश्चितकाल के लिए स्थगित’ हे शब्द माझ्या पाळीत आले नाहीत. संध्याकाळी मी दीदीच्या सुनेकडे डबा देऊन आले. घासून, पुसून, रिकामा. साखरेचा डबा समोर होता, लिंबं फ्रीजमध्ये होती. मी मुद्दाम काही घातलं नाही. आपल्यात देवघेव नको, असं मला त्या डब्यातून सांगायचं होतं. सून झाकण उघडून क्षणभर बघत राहिली आणि झाकण लावून आत गेली.

उन्हाळ्यानंतर छात्रावास हललं. भनपुरीच्या पलीकडे, ट्रकांच्या रस्त्यावर एका मोठ्या इमारतीत. दीदीला तिथे कुणाच्या तरी हाताखाली घेतलं. मुली काही आल्या, काही आल्या नाहीत. सुखमती आली नाही. तिचं गाव उलट्या दिशेला होतं, दोन बस बदलून पोरीला एवढ्या लांब कोण पाठवतो. पुढच्या अक्षय तृतीयेला तिचं लग्न झालं. दीदीनं हे मला सांगितलं ते अगदी सहज, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलताना. डबे पुन्हा सुरू झाले होते. रिकाम्या डब्याविषयी ती कधीही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं.

बुधवारचं कोडं मला फार उशिरा कळलं, तेही बोलता बोलता. त्या दिवशी तिला मुख्य कार्यालयात बोलावलं होतं, मुलींच्या नावांची यादी घेऊन. काय होणार ते माझ्याआधी तिलाच कळलं होतं. आणि बोहार बाजारातली नव्हतीच. ते झाड छात्रावासाच्या अंगणातलं. यंदाची भाजी कदाचित शेवटची म्हणून मुलींनीच तोडली होती, सुखमती वर चढली होती. मी विचारलं, तेव्हा मला का नाही सांगितलंस, काही विचारलं का नाहीस? दीदी म्हणाली, “तोला काबर धरम-संकट म डारतेंव?” तुला कशाला पेचात टाकायचं. मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून हलत नाही. मी मंत्र्याला आईचं हव लावलं. तो माणूस छत्तीसगढी बोलत होता, प्रश्न छत्तीसगढीत होता, ‘राखहू न?’ असा सरळ विचारलेला, आणि मी त्याचं उत्तर वर्धेच्या कानांनी ऐकलं. दीदीनं शिकवलेलं हव मला तेव्हा आठवलंच नाही. तो शब्द छापला असता तर छात्रावास वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. खड्डा खराच होता. पण कुणीतरी वर्ष-दोन वर्षं विचारत राहिलं असतं. तो विचारणारा मी एका ‘पक्का’नं उठवून लावला.

आज चार वाजता दीदी आली. आता तीही घरीच असते, गुडघे धरतात म्हणून काठी घेते. काठीला अडकवलेल्या पिशवीत बोहार होती, न निवडलेली; दोघी मिळून निवडू म्हणाली. मोबाइलवर नव्या सभागृहातलं कामकाज चालू होतं. आवाज बारीक होता, तरी शेवटचे शब्द ऐकू आले, अनिश्चितकाल के लिए. मी मोबाइल पालथा ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. पाच मिनिटांची पाळी, ती पदरवाली सदस्य, चिठ्ठी, मिश्राजींचं लाल पेन, माझं पक्का. रिकामा डबा मुद्दाम रिकामा होता, हेही सांगितलं. वीस वर्षं लोकांचं बोलणं लिहून घेतलेली बाई मी, पण माझी वाक्यं एकाला एक लागत नव्हती. ती निवडत होती. कळ्या एकीकडे, पानं एकीकडे, जून देठ पायाशी. मधूनमधून म्हणत होती, हव. हव.

सगळं सांगून झालं. मग मी विचारलं, “दीदी, माफ करोगी न?”

तिच्या हातात एक पान होतं, अळीनं खाल्लेलं. ते तिनं उजेडाकडे धरलं, उलटंसुलटं पाहिलं, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, “हव.”

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती पुढचं पान उचलत होती. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही, आणि शेजारी येऊन बसायला पुढच्या पाळीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी तिचा डबा भरून दिला. मग ही वही उघडली. जवाब की हुंकारी, मला सांगता येत नाही. या वेळी तो शब्द मी गाळत नाही. जसा आला तसा लिहून ठेवते. हव.